टू-व्हील ड्राइव्ह पिकअप ऑफरोड जाईल का?

प्रश्न: माझी पिकअप मागच्या चाकांवर चालते, फोर बाय फोर नाही. चिखलात, वाळूत न्यावी का? हौदा रिकामाच असतो.

उत्तर १: रिकामा हौदा हाच खरा प्रॉब्लेम, मागे वजनच नाही मग चाकं जागेवर फिरत बसतात. वाळूच्या गोण्या मागच्या अॅक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) वर ठेव आणि घट्ट बांध.

उत्तर २: वाळूत टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरव, टायर पसरतो, खूप फरक पडतो, फक्त डांबरीवर यायच्या आधी परत भर. आणि चाक फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोड रे, दाबत राहिलास तर डिफरेन्शियल (मागच्या अॅक्सलमधला गिअरचा डबा) जमिनीला टेकेपर्यंत खड्डा खणशील.

प्रश्नकर्ता: लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) बसवू?

उत्तर १: एक चाक हवेत गेलं तर उपयोगी पडतो. पण आधी चांगले टायर घे, फावडं ठेव आणि एकटा जाऊ नकोस.