तुमच्या बॅगेतून आधी कोणतं पिस्तूल निघतं?

रेंजवर शेजारी कोणी नवखा उभा राहिला की अर्ध्या तासात त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ?" मग आजूबाजूचे चार जण पाच नावं सांगतात आणि तो बिचारा आला होता त्याहून जास्त गोंधळून घरी जातो. म्हणून हा धागा. अट एकच. कोणतं पिस्तूल भारी आहे ते लिहू नका, ते कॅटलॉगमध्ये असतं. तुमच्याकडे दोन-तीन असतील तर नेमबाजीला निघताना हात आपोआप कोणत्याकडे जातो आणि का, ते लिहा. घेऊन पस्तावला असाल तर तेही लिहा, फक्त कंपनीचं नाव नको. भांडणं होतात.

सुरुवात माझ्यापासून. माझं सीझेड ७५, चेक कंपनीचं. कोउत्स्की बंधूंनी १९७५ च्या सुमारास आखलेलं, किलोभर वजनाचं, पोलादी. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) सांगाड्याच्या बाहेरून सरकते. यात ती सांगाड्याच्या आतल्या खाचांतून सरकते. त्यामुळे नळी हाताच्या अगदी जवळ बसते आणि गोळी सुटल्यावर तोंड फार वर उडत नाही. तोटाही त्याच रचनेतून येतो: बाहेर दिसणारी स्लाइड चिंचोळी, त्यामुळे घामेजल्या हातानं मागे ओढताना बोटं निसटतात. माझ्याकडे आधी एक मोठ्या नावाचं, जाड मुठीचं पिस्तूल होतं. चापावर बोटाचं जेमतेम टोक पोचायचं, आणि वर्षभर माझ्या सगळ्या गोळ्या डावीकडे जात राहिल्या. मी स्वतःला दोष देत होतो. सीझेड हातात घेतलं त्या दिवशी कळलं की बोटं आखूड आहेत, नेम ठीक आहे.

*

ग्लॉक १९. पंधरा गोळ्या, सहाशे ग्रॅमच्या आसपास, बाहेरून सेफ्टीचा खटका नाही. रूपानं वीट आहे, मान्य. पण मी घड्याळही असंच वापरतो. तेल कमी पडलं, धूळ बसली, महिनाभर उघडलं नाही, तरी चालतं. आणखी काय लिहू?

*

वरच्यांनी चार ओळींत आटोपलं, मी जरा भर घालतो, कारण माझंही ग्लॉकच आहे, १७. १७ म्हणजे गोळ्यांचा आकडा असं सगळे समजतात. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या डबीत, बसतातही सतराच. पण नाव आलंय गॅस्टन ग्लॉक यांच्या सतराव्या पेटंटवरून. माणूस पिस्तूल बनवणारा नव्हताच, पडद्यांचे रॉड आणि सुऱ्या बनवायचा. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ते घेतलं तेव्हा प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर लोक हसले होते.

आता मला न आवडणारी गोष्ट. साफसफाईसाठी उघडायचं तर आधी चाप दाबावा लागतो. त्यामुळे आमच्या घरी नियम आहे: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, नळीत डोळ्यानं बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, आणि हे सगळं काडतुसांच्या खोलीत करायचं नाही. बायको म्हणते, देवपूजेला इतका वेळ देत नाहीस. आणि मुठीचा कल: '१९११' या जुन्या अमेरिकी पिस्तुलाची सवय असलेल्या माणसानं डोळे मिटून हे समोर धरलं तर पुढची माशी (नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण) वर चढलेली दिसते. पाचेकशे गोळ्यांनंतर मनगट नवा कोन शिकतं. मग १९११ धरलं की तोंड खाली! दोन्ही एकाच दिवशी चालवू नका.

*

१९११ वाले कुठे गेले? आहे मी.

माझ्याकडे चार पिस्तुलं आहेत आणि बॅगेत नेहमी हेच असतं. डोक्यानं विचार केला तर काहीच अर्थ नाही. सात गोळ्या, अकराशे ग्रॅम लोखंड, पॉइंट ४५ ची (गोळीची जाडी, इंचात) काडतुसं महाग, उघडून पुन्हा जोडताना स्प्रिंगची टोपी सुटली तर थेट छताला. माझ्या छतावर खूण आहे. जॉन ब्राउनिंग यांचं हे डिझाइन अमेरिकी सैन्यानं १९११ च्या मार्चमध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं.

पण चाप! बहुतेक पिस्तुलांचा चाप एका खिळीवर फिरतो, दाराच्या कडीसारखा. याचा सरळ रेषेत मागे सरकतो, कपाटाच्या खणासारखा. थोडासा प्रवास, मग काच मोडावी तसा तुटतो. एकदा बोटाला याची सवय लागली की बाकी सगळे चाप ओल्या वाळूत पाय ओढल्यासारखे वाटतात. धक्का लोक सांगतात तितका वाईट नाही. पॉइंट ४५ ची गोळी जड आणि संथ, आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगानं जाणारी. ९ एमएमचा झटका टिचकीसारखा, हिचा ढकलल्यासारखा. नवख्याला मात्र हे सुचवणार नाही. घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) चढवून सेफ्टी लावून ठेवायची शिस्त आधी दुसऱ्या कशावर तरी अंगात मुरू दे.

*

मी डावखुरी. १९११ चा अंगठ्याचा खटका जुन्या धाटणीत फक्त डाव्या बाजूला असतो, म्हणजे माझ्या अंगठ्यापासून पलीकडे. प्रेमकथा तिथेच संपली. एचके (हेकलर अँड कोख) कंपनीच्या व्हीपी९ चं मॅगझिन सोडायचं पातं चापाच्या कड्याखाली दोन्ही बाजूंनी आहे, मधल्या बोटानं दाबते. तेच वापरते. (व्हीपी९ नंतर गोल बटणाचंही आलं, घेताना बघून घ्या.)

*

हा अनुभव थोडा लांब आहे, पण माझ्यासारख्या बायकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

मला संधिवात आहे. पहिल्यांदा रेंजवर गेले तेव्हा हातात दिलेल्या पिस्तुलाची स्लाइड मला मागेच येईना. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढत होते, लाल झाले, आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी रिव्हॉल्व्हर बरं." घरी येऊन रडले. नंतर एका प्रशिक्षक बाईंनी पाच मिनिटांत सोडवलं. स्लाइड ओढायची नाही, पिस्तूल ढकलायचं. डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून पलीकडे, तळवा अलीकडे, पिस्तूल छातीजवळ, आणि उजव्या हातानं मूठ जोरात पुढे. ताकद चिमटीची नाही, खांद्याची लागते. एकच धोका: छातीजवळ घेतलं की तोंड नकळत डावीकडे शेजाऱ्याकडे वळतं. त्यामुळे आपण स्वतः उजवीकडे वळून उभं राहायचं, तोंड समोरच्या मातीकडेच राहिलं पाहिजे.

तरी थंडीत बोटं आखडली की जमत नाही. तेव्हा स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड. २०१८ मध्ये आधी पॉइंट ३८० मध्ये आलं, मग ९ एमएममध्ये. स्लाइड खरंच हलकी, आणि मॅगझिनच्या बाजूला खुंटी आहे, ती खाली धरून गोळ्या भरता येतात. मुठीच्या मागे दाबाची सेफ्टी आहे, ती नीट दाबली गेली नाही तर चाप काम करत नाही. पहिल्या दिवशी माझी सैल पकड तिनं दोनदा पकडली. रिव्हॉल्व्हर सुचवणाऱ्या काकांना सांगायचं राहिलं की रिव्हॉल्व्हरचा लांब, जड चाप माझ्या सांध्यांना स्लाइडपेक्षा जास्त दुखतो.

*

ते काका मी नव्हे, पण रिव्हॉल्व्हरवाला आहे. चुकीच्या धाग्यावर आलो. नमस्कार.

*

बेरेटा ९२. कारण ऐकून हसाल: आवाज. स्लाइड हातानं मागे घेतल्यावर जी सरकते, ती लोणी लावल्यासारखी. बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटल्यावर नळीचं मागचं टोक खाली झुकतं. यात नळी झुकत नाही, सरळ मागे येते, खालचा एक ठोकळा कुलूप उघडतो. वाल्टर पी३८ कडून आलेली युक्ती. स्लाइडचा वरचा भाग उघडा, त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या अडकायला जागाच कमी.

पहिला चाप लांब आणि जड, कारण तो घोडाही चढवतो. पुढचे हलके. लोक याला दोष म्हणतात. माझं मत उलट आहे. पहिल्या गोळीला बोटानं ठरवून काम करावं लागतं, त्यात मला निश्चिंत वाटतं. मात्र सराव सगळे हलक्या चापाचाच करतात आणि मग स्पर्धेत पहिली गोळी खाली जाते. मी प्रत्येक गोळीनंतर घोडा खटक्यानं उतरवून, पुन्हा जड चापानं मारतो. कंटाळवाणं आहे. छोट्या हाताच्या माणसानं मात्र आधी धरून बघावं, मूठ जाड आहे.

*

पस्तावल्याचं कोणीच लिहीत नाही, म्हणून मी. छोटं, देखणं, खिशात मावेल असं पिस्तूल घेतलं. नाव सांगत नाही. दर तिसऱ्या मॅगझिनला अडकायचं, पुंगळी उभी राहून स्लाइडमध्ये चेपलेली. दोनदा परत पाठवलं, दोनदा "काही दोष नाही" म्हणून आलं. तिसऱ्या वेळी मित्रानं चालवलं, पन्नासच्या पन्नास गेल्या. मी चालवलं, अडकलं. माझं मनगट सैल. सांगाडा घट्ट धरलेला असेल तरच स्लाइड पूर्ण मागे जाते. हातच मागे गेला तर स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो. जड पिस्तूल असली चूक पोटात घालतं, हलकं घालत नाही.

पण कहाणी तिथे संपली नाही. पकड सुधारल्यावरही कधीमधी अडकायचंच. मग मॅगझिनांच्या बुडावर रंगानं १, २, ३ लिहिलं. अडकायचं ते नेहमी ३ नंबरच. ते फेकलं. हा उपाय फुकट आहे, सगळ्यांनी करा.

*

सिग पी३६५ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: २०१८ चं, अर्धा किलो, एवढ्याशा देहात दहा गोळ्या. सोबत बाळगायला उत्तम, शंभर गोळ्या चालवायला नकोसं. तळवा झणझणतो. मी महिन्यातून दोन मॅगझिन चालवतो, बाकी सराव त्याच कंपनीच्या जाड्याजुड्या पी२२६ वर.

*

पन्नाशीनंतरच्यांसाठी. माशी दिसेनाशी झाली की दोष पिस्तुलाला देऊ नका, चष्म्याला द्या. मी स्लाइडवर लाल ठिपका दाखवणारी काच (रेड डॉट) बसवली, आता नजर लक्ष्यावरच ठेवायची. पण माझा ठिपका गोल दिसेना, स्वल्पविरामासारखा दिसायचा. परत करायला निघालो होतो. मुलानं मोबाइलनं आतून फोटो काढला, फोटोत ठिपका गोल! दोष डोळ्यातला निघाला, चष्म्याचा सिलिंडर नंबर. आता उजेड कमी करून वापरतो.

*

पॉइंट २२ ला विसरलात सगळे. आधी तेच घ्या असं सांगून कंटाळलो. धक्का नसल्यामुळे आपण गोळी सुटायच्या आधी दचकतो का ते तिथेच कळतं. मोठ्या पिस्तुलात मॅगझिन दुसऱ्याला भरायला सांगा, मध्येच एक डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस घालायला लावा. त्या डमीवर तोंड खाली बुडलं की समजा. फक्त पॉइंट २२ रिकामं चालवू नका. त्याचा काडतूस ठोकणारा पिन काडतुसाच्या कडेवर मारायला बनलेला असतो, काडतूस नसेल तर बऱ्याच मॉडेलांत तो नळीच्या काठावरच आदळतो.

*

धागा वाचून लेकीला रेंजवर घेऊन गेलो. मित्रांकडून जमवून पाच पिस्तुलं, प्रत्येकाचा वेगळा कागद, दहा मीटरवरून दहा-दहा गोळ्या, तिला नावं सांगितलीच नाहीत. म्हटलं, प्रसिद्धीचा परिणाम नको. एक कागद असा निघाला की दहाही भोकं तळहाताखाली झाकली जावीत. ती घरी येईपर्यंत नाचत होती. रात्री पाचही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले आणि लक्षात आलं की कोणता कागद कोणत्या पिस्तुलाचा, हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

रविवारी पुन्हा जातोय. या वेळी पेन घेऊन.