शिवण न घालता फ्लीसचा मफलर कसा करावा?

सागरवेळ (गुहागर)

नमस्कार. आमच्या वाडीतील बचत गटातल्या काही ज्येष्ठ स्त्रिया येत्या मे महिन्यात केदारनाथला जाणार आहेत. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या या मंडळींकडे खऱ्या थंडीचे कपडे नाहीत. पौषातल्या पहाटे पदर कानांवरून घ्यावा आणि फार झाले तर जुनी शाल काढावी, एवढीच आमच्याकडची थंडीची तयारी असते. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे आणि तिथे मे महिन्यातही रात्री गारठा कडक असतो. म्हणून प्रत्येकीसाठी फ्लीसचा एक मफलर करावा असे ठरले आहे. गटात शिलाई यंत्र चालवणारी एकच बाई आहे आणि तिच्याकडे लग्नसराईचे ब्लाऊज साठलेले आहेत. त्यामुळे फक्त कात्रीने, न शिवता, सगळ्याजणींनी मिळून एका दुपारी करता येईल अशी पद्धत हवी आहे. कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत का? कापड किती लागेल? आणि ते कोणत्या बाजूने कापावे?

कातरकाम (रत्नागिरी)

ताई, दोऱ्यांची काळजी अजिबात करू नका. सुती कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते, म्हणून ते कापले की कडेचे धागे मोकळे होतात. फ्लीस हे पॉलिएस्टरच्या धाग्याचे, बनियनच्या कापडासारखे फासे गुंतवून केलेले कापड आहे आणि नंतर बारीक तारांच्या ब्रशांनी घासून त्याची लव वर काढलेली असते. त्या लवेत फासे असे अडकून बसतात की कड न शिवताही वर्षानुवर्षे टिकते. १९७९ साली अमेरिकेतल्या माल्डन मिल्स या गिरणीने हे कापड तयार केले, ते लोकरीची ऊब कमी वजनात मिळावी म्हणून.

तुमचा खरा महत्त्वाचा प्रश्न दिशेचा आहे. फ्लीस पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दिशेने जास्त ताणले जाते आणि लांबीच्या दिशेने कमी. पन्हा साधारण ५८ ते ६० इंच, म्हणजे दीडएक मीटर असतो, तेवढीच मफलरची लांबी ठेवावी आणि रुंदी २५ सेंटिमीटर घ्यावी. असे केल्यास एक मीटर कापडात चार मफलर बसतात. दोन्ही टोकांचा मूळ काठ जाड आणि ताठर असतो, तो आधी कापून टाकावा. खुणा करायला दर्जीचा खडू नसेल तर अंगाच्या साबणाची झिजलेली वडी उत्तम चालते आणि तिची रेघ पहिल्या धुण्यात निघून जाते.

कात्री मात्र धारदार हवी आणि प्रत्येक वेळी पात्याची पूर्ण लांबी वापरून कापावे. टोकाने थोडे थोडे चावत गेल्यास कड दातेरी होते, आणि ती झाकायला इथे शिवण नाही.

टोकांना दशा ठेवायच्या असतील तर टोकापासून १० सेंटिमीटरवर आडवी रेघ मारावी आणि तिथपर्यंत दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापाव्यात. गाठी मारायच्या असल्यास रेघ १२ सेंटिमीटरवर घ्यावी, कारण गाठीत बरीच लांबी जाते. आता यातली मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. प्रत्येक पट्टी बोटांत धरून हलकेच ओढली की तिच्या दोन्ही कडा आत वळतात आणि चपटी पट्टी दोरीसारखी गोल होते. पट्ट्या पन्ह्याच्या दिशेने कापलेल्या असतील तरच हे नीट घडते. कडा ज्या बाजूकडे वळतात ती कापडाची उलटी बाजू, त्यामुळे सुलट-उलट ओळखायलाही हीच परीक्षा उपयोगी पडते.

माडबन (मालवण)

वरील पद्धत योग्यच आहे. मला फक्त कापड कुठून आणावे याविषयी लिहायचे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कापडदुकानांत मीटरवर फ्लीस क्वचितच मिळते, पण फ्लीसची ब्लँकेटे बहुतेक बाजारपेठांत असतात. सिंगल बेडचे ६० बाय ९० इंचांचे ब्लँकेट घ्या, त्याच्या कडेची शिवण आणि गोट कापून टाका, आणि जास्त ताण कोणत्या दिशेने आहे ते हाताने ओढून पाहा. ताण ६० इंचांच्या बाजूने असेल तर २५ सेंटिमीटर रुंदीचे आठ मफलर सहज निघतात. ताण लांबीच्या बाजूने असला तर ९० इंच लांबीच्या पट्ट्या मिळतील, त्या हव्या तेवढ्या आखूड कराव्यात.

घेताना लव नीट पाहा. दोन्ही बाजूंनी आखूड, दाट लव असलेलेच कापड हवे. मिंक किंवा कोरल या नावाने मिळणारी लांब केसांची, मखमली ब्लँकेटे स्पर्शाला मऊ असली तरी कापल्यावर त्यांचे केस घरभर उडतात आणि नाकातोंडात जातात. कापडाचे दोन पदर एकमेकांवर जोराने घासूनही बघावेत. लगेच गोळे धरू लागले तर ते कापड मानेवर चार दिवसांत जुने दिसेल.

घाटवाट (सावंतवाडी)

ज्येष्ठ स्त्रिया चढण चढणार असतील, कदाचित घोड्यावरूनही जातील, तर लोंबती टोके असलेल्या लांब मफलरऐवजी खाचेचा मफलर करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. लांबी एक मीटर पुरते. एका टोकापासून २० सेंटिमीटरवर, रुंदीच्या मधोमध, लांबीच्याच दिशेने १२ सेंटिमीटरची चीर द्यावी आणि दुसरे टोक तिच्यातून ओढून घ्यावे. मफलर गळ्याशी बसून राहतो, वाऱ्याने सुटत नाही आणि कशात अडकत नाही. चिरेची दोन्ही टोके कात्रीने किंचित गोल कापावीत, म्हणजे ओढताना ती पुढे फाटत जात नाही.

दोन गोष्टी मंडळींना निघण्यापूर्वी जरूर सांगा. फ्लीस ऊब धरते, पण वारा अडवत नाही, म्हणून चढणीवर विंडचीटरची कॉलर मफलरच्या वरून बंद करावी. आणि मुक्कामी शेकोटी, चूल किंवा स्टोव्ह यांच्याजवळ मफलर काढून ठेवावा. पॉलिएस्टर पेटले की वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते.

सागरवेळ (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. दशांचे काही आणि खाचेचे काही असे दोन्ही प्रकार करू, आणि चिपळूणहून आखूड लवेची ब्लँकेटे आणू. आता एकच शंका उरली आहे. यात्रेनंतर लगेच पावसाळा लागेल. आमच्याकडे आषाढात शालींना कुबट वास येतो आणि लोकरीला कसर लागते. हे मफलर कसे धुवावेत आणि कसे ठेवावेत?

कातरकाम (रत्नागिरी)

कसर लोकरीला लागते, पॉलिएस्टर ती खात नाही. हा धागा पाणीही फारसे पीत नाही, त्यामुळे नीट पिळून घरातल्या वलणीवर टाकलेला मफलर पावसाळ्यातही शालीच्या आधी वाळतो. कुबट वास येतो तो बहुतेक घाम आणि तेल यांमुळे, म्हणून परत आल्यावर एकदा धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवावा. धुताना थंड पाणी आणि थोडी सौम्य पावडर पुरे. कापड मऊ करणारे द्रव घालू नये, त्याने लव चिकट होते. इस्त्री तर मुळीच फिरवू नये, कारण लव दबून कापड चकाकू लागते. वलणीवर टाकताना मफलर मधोमध दुमडून टाकावा. ओल्या वजनाने एका टोकाशी लोंबत राहिला तर लांब कडाही दशांसारख्या वळतात. वापर थोडाच झाला असेल तर धुण्याऐवजी झटकून वाऱ्यावर ठेवावा. दर धुण्यात या कापडाचे बारीक तंतू पाण्याबरोबर निघून जातात, आणि आपल्याकडचे पऱ्हे शेवटी खाडीलाच मिळतात.