मदत हवी आहे: एक स्वेटर, दोघींचे हात (सासूबाईंचा सैल, माझा घट्ट)

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. विणकाम येणाऱ्यांनी, आणि कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं विणकाम घरात पुरं केलेल्यांनी, जरा लक्ष द्या.

मुक्काम नाशिक. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली आहे. तारीख जानेवारीच्या मध्यातली. सासूबाईंनी (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) दसऱ्यालाच बाळाच्या स्वेटरचे टाके घातले. पुढून बटणांचा, पांढऱ्यात किंचित हस्तिदंती छटा असलेला, चार प्लायची साधी ॲक्रिलिक लोकर. बाळ वाढतं, पहिल्याच थंडीत आखूड व्हायला नको म्हणून माप वर्षाच्या बाळाचं घेतलंय. पाठीला ७४ टाके, पुढच्या प्रत्येक भागाला ३८.

आईंचं विणकाम वेगळं काढलेल्या वेळात होत नाही. कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये, मालिकेच्या जाहिरातींत, माझ्या लेकीला पाढे म्हणायला बसवून, असं चालतं. गुंडा स्टीलच्या डब्यात, झाकणाला भोक पाडून त्यातून धागा बाहेर. त्यामुळे पाठ आणि एक पुढचा भाग दिवाळीच्या आत झाला. दुसरा पुढचा भाग मुंड्यापर्यंत (बाही जोडतात तिथपर्यंत) आला आणि त्या मागच्या अंगणात घसरून पडल्या. उजवं मनगट, प्लास्टर, सहा आठवडे.

नणंद म्हणाली, राहू दे ना वहिनी, विकत आणू. त्यावर आईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा स्वेटर पुरा करायचा आहे आणि तो मी करायचा आहे, हे ठरलेलं आहे. मला सुलट-उलट, वाढवणं-घटवणं सगळं येतं, कॉलेजात असताना मफलर, टोप्या भरपूर केल्यात. तरी अडलंय.

एक तर हाताचा फरक. त्यांच्याच दहा नंबरच्या सुया आणि तीच लोकर घेऊन मी तुकडा विणून पाहिला. त्यांचे दहा सेंटीमीटरला २८ टाके बसतात, माझे ३१. म्हणजे ३८ टाक्यांचा भाग त्यांच्या हातून साडेतेरा सेंटीमीटर भरतो आणि माझ्या हातून सव्वाबारा. अर्ध्यात माझा हात लागला तर तिथून पुढे स्वेटर आवळल्यासारखा दिसणार.

दुसरं, नक्षी. आईंना ती तोंडी सांगताच येत नाही! "हातात सुया असल्या की येतं गं, असं कसं सांगू?" डाव्या हाताने हवेत करून दाखवायला गेल्या आणि स्वतःच वैतागल्या. त्यांची वही काढली तर त्यात लिहिलंय, 'जाळी निळ्या स्वेटरची तीच'. निळा स्वेटर उसवून त्याचे मोजे झाल्याला वीसेक वर्षं झाली असतील.

तिसरं, लोकर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, ३८ ग्रॅम शिल्लक आहे. पूर्ण झालेला एक पुढचा भाग २२ ग्रॅम भरला. दोन्ही बाह्या, गळा, बटणपट्टी बाकी आहे, म्हणजे पुरणार नाही. मेन रोडच्या बाजूला एका दुकानात शेड नंबर तोच मिळाला, पण लॉट (रंगवलेली खेप) वेगळा. दिव्याखाली सारखीच दिसते, उन्हात धरली की नवी जराशी पिवळट.

बारशाला स्वेटर अंगावर हवा, असा आईंचा हट्ट आहे. काय करू?

चहाबाज

सुई बदला, हात बदलायला जाऊ नका. मुद्दाम सैल विणायचं म्हटलं तर पहिल्या दहा सुया (म्हणजे ओळी) जमतं, मग फोन वाजतो आणि हात मूळ पदावर येतो. नऊ नंबरच्या सुया घेऊन पुन्हा तुकडा विणा. तुकडा निदान बारा सेंटीमीटर रुंद हवा आणि मोजायचं मधल्या दहात, कारण कडेचे टाके फसवतात. धुऊन, वाळवून मग मोजा. मात्र ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, एकदा मेलं की ते परत उभं राहत नाही.

जर्सीकर

चहाबाज यांच्याशी सहमत, पण ऑनलाइन सुया मागवणार असाल तर नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडे घराघरांत जे नंबर चालतात ते जुने ब्रिटिश: नंबर वाढला की सुई बारीक. दहा म्हणजे ३.२५ मिमी, नऊ म्हणजे ३.७५, आठ म्हणजे ४. अमेरिकेत बरोबर उलटं. इथे दहा नंबर मागितला तर ६ मिमीची सुई हातात येते. माझ्या आईने नागपूरहून फोनवर सांगितलेल्या दहा नंबरने इथे विणलेलं टोपडं शेवटी चहाच्या किटलीला घातलं. तुमची ३.७५ मिमी इथे पाच नंबर म्हणून मिळेल.

उलटसुलट

नक्षी आईंना विचारू नका, पाठीला विचारा. विणलेला तुकडा वाचता येतो. सुलट बाजू वर करून पाठ उजेडात धरा आणि तीन गोष्टी मोजून सांगा. एका आडव्या ओळीत दोन भोकांच्या मध्ये किती टाके आहेत? भोकांच्या एका ओळीपासून वरच्या ओळीपर्यंत मध्ये साध्या सुया किती? आणि वरचं भोक खालच्या भोकाच्या बरोबर डोक्यावर आहे की सरकलेलं? शिवाय भोकाशेजारचा जोड टाका (दोन एकत्र विणलेला) कुठे झुकलाय तेही बघा.

गोदाकाठी

मोजलं. दोन भोकांमध्ये पाच टाके. मध्ये साध्या सुया तीन. वरचं भोक खालच्या दोघांच्या बरोबर मधोमध, विटा रचतात तसं. जोड भोकाच्या डावीकडे आहे आणि उजवीकडे झुकलेला.

उलटसुलट

मग सुटलं. सहा टाक्यांची, आठ सुयांची नक्षी आहे. तुमचे आकडेही जुळतात: ७४ म्हणजे सहा गुणिले बारा अधिक कडेचे दोन, ३८ म्हणजे सहा गुणिले सहा अधिक दोन.

पहिली सुई: कडेचा एक, मग शेवटपर्यंत (४ सुलट, धागा पुढे, २ जोड), कडेचा एक. दुसरी सगळी उलट. तिसरी सगळी सुलट. चौथी सगळी उलट. पाचवी: कडेचा एक, मग (१ सुलट, धागा पुढे, २ जोड, ३ सुलट), कडेचा एक. सहावी, सातवी, आठवी म्हणजे पुन्हा दुसरी, तिसरी, चौथी.

धागा पुढे घेतला की एक टाका वाढतो, जोडाने एक घटतो, म्हणून सुईवरचे टाके कायम तेवढेच राहायला हवेत. प्रत्येक जाळीच्या सुईनंतर मोजा. एखादा कमी निघाला तर धागा पुढे घ्यायचा राहिलाय, आणि तो पुढच्या उलट सुईतच दुरुस्त होतो, उसवावं लागत नाही. बाहीत टाके वाढवताना वाढवलेले टाके सहा होईपर्यंत साधेच विणा. सहा भरले की त्यांच्यावरही जाळी घ्या. बाहीला किती टाके घ्यायचे ते आईंना आठवतंय का?

गोदाकाठी

आकडे त्यांना सगळे पाठ आहेत, नक्षीच तेवढी सांगता येत नाही. बॉर्डरला ४४, मग दर सहाव्या सुईला दोन्ही टोकांना एकेक, ६२ होईपर्यंत.

पोफळी

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. आई म्हणतात तितकी घाई या स्वेटरला नाहीच. बाळ येणार जानेवारीच्या मध्यात, बारसं महिनाअखेरीला. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. नवजात बाळाची छाती ३३-३४ सेंटीमीटर असते, आणि तुमचा स्वेटर पाठ-पोट मिळून ५३ सेंटीमीटरचा. बारशाला त्यात बाळ सापडणार नाही! हा स्वेटर लागणार तो पुढच्या दिवाळीनंतर, बाळ दहा-अकरा महिन्यांचं झाल्यावर.

एवढं मान्य केलंत की तुमचे पहिले आणि तिसरे दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात. जोडीचे भाग एका हाताचे असावेत. पुढचे दोन भाग ही जोडी, ती आईंची. बाह्या ही जोडी, ती तुमची. अर्धा राहिलेला पुढचा भाग तुम्ही हातात घेऊच नका. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की त्या सावकाश पुरा करतील. मुंड्याच्या वरचा तेवढाच तुकडा आहे, आठ-दहा ग्रॅम लोकर खाईल. शिल्लक ३८ ग्रॅम जुन्या लॉटची आहे, ती डब्यात बंद करून त्या भागासाठीच ठेवा. नवीन लॉट आणा आणि दोन्ही बाह्या सबंध त्यात विणा. पाठीच्या मध्यावर लॉट बदलला तर आडवी रेघ दिसते, मुंड्याच्या शिवणीवर बदलला तर कुणाला कळत नाही. तिथे सावलीही वेगळी पडते. गळा आणि बटणपट्टी उरलेल्या जुन्यात होईल असं वाटतंय, पण पुढचा भाग झाल्यावर तोलून ठरवा.

बाह्या नऊ नंबरवर. बाहीची लांबी मात्र इंचाने मोजू नका, सुया मोजा आणि दोन्हींना तेवढ्याच घ्या.

आणि बारशासाठी तुमच्या हाताची टोपी आणि मोजे करा. दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे. बाळाला गळ्याशी बांधायच्या रिबिनी आणि लांब नाड्या नकोत, आपल्या आज्यांच्या कुंच्यांना असायच्या त्या. फर असलेली लोकरही नको, तोंडात जाते. जाळीचे मोजे तर नकोच, बाळाची बोटं अडकतात. साधे विणा.

चहाबाज

पोफळी यांनी पंचांगच काढलं. हरकत नाही, बरोबर आहे.

जर्सीकर

सहमत. फक्त हे आईंना कोण सांगणार? "तुमचा स्वेटर बारशाला होणार नाही" असं सुनेने म्हणायचं म्हणजे...

पोफळी

सुनेने म्हणायचंच नाही. स्वेटर नणंदेच्या पोटावर ठेवून माप आईंनाच बघू दे. इतकी वर्षं विणतायत, माप त्यांना कळतं.

गोदाकाठी

केलं तसंच. आईंनी पाठ नणंदेच्या पोटावर पसरली, बघितली, आणि म्हणाल्या, "हे तर पुढच्या थंडीचं आहे." जणू त्यांचं आधीपासून तेच म्हणणं होतं. लगेच मला टोपीचे टाके घालायला सांगितले आणि नणंदेला म्हणाल्या, बारशाला तुझ्या वहिनीची टोपी घालायची, विकतची नको.

नऊ नंबरवर तुकडा केला, २८ आले. जाळीही जमली, उलटसुलट यांचे किती आभार मानू! पहिल्या आठ सुया झाल्यावर आईंच्या मांडीवर नेऊन ठेवल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याने चाचपून म्हणाल्या, हेच ते. मग लेकीला वही आणायला सांगून नक्षी लिहून घ्यायला लावली.

आता बारीकसारीक दोन. मुलगा की मुलगी ठाऊक नाही, तर काजं कुठल्या बाजूला घ्यायची? आणि आईंचा अर्धा भाग सुईवर आहे, ती सुई मला लागणार आहे.

उलटसुलट

पद्धत म्हणाल तर मुलीला उजव्या बाजूला काजं, मुलाला डाव्या. बटणपट्टी सगळ्यात शेवटी काठाचे टाके उचलून विणायची आहे ना? मग तोवर बाळ आलेलं असेल, विचार कशाला करता. आणि नाही पाळलं तरी बाळ काही तक्रार करत नाही. बटणं चपटी घ्या आणि घट्ट टाचा, खेचून बघा.

सुई मोकळी करायलाच हवी. दोन महिने सुईवर ठेवलं तर टाके ताणून तिथे रेघ पडते, आणि पोरं सुई ओढतात ते वेगळंच. गडद रंगाचा सुती दोरा सुईत ओवून सगळे टाके त्यावर घ्या, दोन्ही टोकांना सैल गाठ. लोकरीचा दोरा वापरू नका, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात. नक्षीची कितवी सुई झाली आहे आणि मुंड्याला किती टाके घटवलेत ते आत्ताच लिहून ठेवा.

गोदाकाठी

ओवले. पाचवी सुई झाली आहे, चार टाके घटवलेत. सासऱ्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलंय.

टोपीला ९६ टाके घातलेत, दोन सुलट दोन उलट, दहा नंबरवर, माझ्या घट्ट हाताने. ३१ सेंटीमीटर होतात. नवजात डोक्याला बरोबर ना?

पोफळी

बरोबर. डोकं ३४-३५ असतं, बॉर्डरची वीण ताणते. उंची १०-११ सेंटीमीटर झाली की घटवायला लागा.