मदत हवी आहे: कथिलयुक्त सिलिका-घन आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांच्या अभिक्रियेत जोडण्यांचा हिशेब जुळत नाही

नमस्कार,

मी अकार्बनी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे. एका प्रयोगातील आकडे गेले काही आठवडे जुळत नसल्यामुळे हा धागा काढत आहे. घन पदार्थांवर काम करणारे कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आठ सिलिकॉन अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर, कडांवर ऑक्सिजनचे पूल आणि प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर निघालेल्या ऑक्सिजनवर एक ट्रायमिथाइलटिन गट (कथिलाचा अणू आणि त्याला जोडलेले तीन मिथाइल), असा हा सिलिका-घनाचा रेणू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील फेहर आणि वेलर यांनी १९९१ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे टेनेसी विद्यापीठात क्रेग बार्न्स यांच्या गटाने त्याचा विटेसारखा उपयोग करून घन उत्प्रेरक रचण्याची पद्धत विकसित केली. धातूच्या क्लोराइडशी गाठ पडली की कोपऱ्यावरील कथिलाचा गट क्लोरीन घेऊन ट्रायमिथाइलटिन क्लोराइडच्या रूपाने निघून जातो आणि त्याच्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजन-धातू अशी जोडणी तयार होते. यात पाण्याचा संबंधच येत नसल्यामुळे नेहमीच्या सोल-जेल (द्रावणातून पाण्याच्या साहाय्याने जेल बनवण्याच्या) पद्धतीतील अनियंत्रित संघनन टळते आणि धातूचे अणू एकमेकांपासून अलग राहतात. एपॉक्सिडीकरणासाठी (कार्बनच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन जोडण्यासाठी) मला असे सुटे टायटॅनियमच हवे आहे. ॲनाटेजचे (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचे) कण झाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड नुसतेच विघटित होऊन वाया जाते.

आता अडचण. मी १.८५५ ग्रॅम सिलिका-घन, म्हणजे १ मिलिमोल, कोरड्या टोल्युईनमध्ये विरघळवून त्यात १ मिलिमोल टायटॅनियम टेट्राक्लोराइड (०.१९० ग्रॅम) घातले. काही तासांत जेल जमली. सर्व बाष्पशील पदार्थ निर्वातात काढून द्रव नायट्रोजनच्या सापळ्यात गोळा केले. चारही क्लोरीन गेले असतील, तर ४ मिलिमोल ट्रायमिथाइलटिन क्लोराइड, म्हणजे ०.७९७ ग्रॅम, बाहेर पडायला हवे आणि घन पदार्थ १.२४८ ग्रॅम उरायला हवा. प्रत्यक्षात तो १.३२ ग्रॅम भरतो, त्यावरून प्रत्येक टायटॅनियममागे जोडण्या ३.६ येतात. सापळ्यातील द्रवाचे प्रोटॉन एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) १,४-डायमेथॉक्सीबेंझीन हे अंतर्गत मानक वापरून घेतले, तर जोडण्या ३.३ येतात. तीनदा करून पाहिले, फरक तेवढाच राहतो. टायटॅनियमवर क्लोरीन शिल्लक आहे असे मानावे, की ट्रायमिथाइलटिन क्लोराइड जेलमध्ये अडकले आहे असे मानावे? आणि दोन आकड्यांपैकी विश्वास कशावर ठेवावा?

—

प्रतिसाद:

आपले वजनाचे गणित बरोबर आहे. माझा संशय आधी एनएमआरवर जातो. ट्रायमिथाइलटिन क्लोराइडच्या मिथाइल शिखराचे समाकलन (शिखराखालील क्षेत्रफळाची मोजणी) करताना आपण फक्त मधले शिखर धरले आहे का? कथिलाच्या समस्थानिकांपैकी ११७ (७.६८ टक्के) आणि ११९ (८.५९ टक्के) यांचे अणुकेंद्रक चुंबकीयदृष्ट्या सक्रिय असते आणि त्यांच्यामुळे मधल्या शिखराच्या दोन्ही बाजूंना लहान उपशिखरे पडतात. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ती मध्यापासून साधारण ०.०७ पीपीएम दूर असतात. समाकलनाची पट्टी अरुंद ठेवली की ती बाहेर राहतात आणि सुमारे सोळा टक्के कथिल हिशेबातून गळते. हा घोटाळा मी स्वतः एकदा केला आहे आणि त्यापायी एक संपूर्ण महिना घालवला आहे, म्हणून लगेच लक्षात आले.

आपले ३.३ या दृष्टीने दुरुस्त केले, तर उत्तर ३.९ च्या वर जाते. मग वजनातील जादा भाग कोठून आला, हा प्रश्न उरतो. १:१ प्रमाणात चार-चार जोडण्यांचे जाळे विणले जात असल्याने ते झपाट्याने ताठ होते आणि त्याच्या पोकळ्यांत टोल्युईन कोंडले जाते. साधारण ०.०६ ग्रॅम टोल्युईन हा अगदी शक्य कोटीतील आकडा आहे. घन पदार्थ ८० अंश सेल्सिअसला निर्वातात रात्रभर ठेवावा, मात्र त्या वेळी निघणारे बाष्प वेगळ्या सापळ्यात धरून त्याचेही एनएमआर घ्यावे. त्यात कथिलाचे शिखर दिसले, तर अडकलेले क्लोराइडच बाहेर येत होते असे समजावे. नुसते टोल्युईन दिसले, तर शंका मिटली.

टायटॅनियम सुटे आहे की नाही, याचा पुरावा वजनातून मिळणार नाही. त्यासाठी विसरित परावर्तन यूव्ही-व्हिसिबल वर्णपट घ्यावा. सुट्या चतुष्फलकी टायटॅनियमचे शोषण २००-२२० नॅनोमीटरच्या आसपास असते. ३३० च्या बाजूला खांदा दिसू लागला तर ऑक्साइडचे पुंजके तयार झाले आहेत असे समजावे. नमुना हवेतला ओलावा न लागू देता भरावा.

ट्रायमिथाइल कथिल संयुगे मज्जासंस्थेला घातक असतात आणि त्यांचे क्लोराइड ३७-३८ अंशांनाच वितळते व सहज उडते, म्हणून सापळा धूम्रकक्षाबाहेर कधीही उघडू नये.

—

धागालेखक:

आपले मनःपूर्वक आभार. जुन्या वर्णपटांची समाकलनाची पट्टी रुंद करून पाहिली, तर तिन्ही वेळा उत्तर ३.९ ते ४.० च्या दरम्यान आले. घन पदार्थ रात्रभर तापवल्यावर त्याचे वजन १.२६ ग्रॅमवर स्थिरावले आणि दुसऱ्या सापळ्यात टोल्युईनशिवाय काहीही दिसले नाही. व्हॅनेडियम ऑक्सिट्रायक्लोराइडसोबत केलेल्या जुन्या प्रयोगांत दोनच जोडण्या येतात असे मी मार्गदर्शकांना लिहून दिले होते. ते आकडेही याच पट्टीने काढलेले असल्याने आता सर्व नव्याने मोजायला घेतले आहेत.