एकाच ओपनएलडॅप सर्व्हरवर दोन डोमेन: एक वृक्ष की स्वतंत्र डेटाबेस?

प्रश्न – कळफलक
आमच्या शिक्षणसंस्थेची दोन महाविद्यालये असून दोघांची ईमेल डोमेन वेगळी आहेत. डेबियन लिनक्सवरील एकाच ओपनएलडॅप (वापरकर्त्यांच्या नोंदी वृक्षाच्या रचनेत ठेवणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरवरून दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे लॉगिन आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या मेलपेट्या चालवायच्या आहेत. ‘प्राचार्य’, ‘ग्रंथालय’, ‘कार्यालय’ असे यूआयडी (लॉगिनची नावे) दोन्हीकडे असणारच. सध्याच्या डेटाबेसला दुसरे सफिक्स (वृक्षाच्या मुळाचे नाव) जोडू पाहिले, तर स्लॅपडी (ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्राम) ते स्वीकारत नाही. प्रत्येक डोमेनसाठी वेगळा डेटाबेस करावा, की एकाच वृक्षात दोन ओयू (शाखा) करून भागेल?

उत्तर – दीपमाळ
स्लॅपडी ते स्वीकारणार नाहीच, कारण एमडीबी बॅकएंडमध्ये (नोंदी साठवणाऱ्या भागात) एका डेटाबेसला एकच सफिक्स देता येते. तथापि आपल्याला दुसऱ्या सफिक्सची गरज आहे असे मला वाटत नाही. सर्व्हर सांभाळणारी मंडळी एकच असतील, तर संस्थेच्या नावाचे एक सफिक्स ठेवून त्याखाली प्रत्येक डोमेनच्या नावाची एकेक ओयू करावी. ओयू वेगळी असल्याने डीएन (नोंदीचा वृक्षातील संपूर्ण पत्ता) वेगळा होतो आणि ‘ग्रंथालय’ हा यूआयडी दोन्हीकडे सुखाने नांदतो. अडचण येते ती शोध घेताना. लॉगिनचा प्रोग्राम मुळापासून खालपर्यंत यूआयडी शोधू लागला, तर त्याला दोन नोंदी मिळतात, आणि नेमकी कोणती घ्यावी हे न कळल्याने तो बहुधा दोघांनाही नकार देतो. म्हणून लॉगिनसाठी यूआयडीऐवजी संपूर्ण ईमेल पत्ता वापरावा. पोस्टफिक्सच्या ‘सर्च बेस’मध्ये (शोध वृक्षात जेथून सुरू होतो त्या जागेत) ‘%डी’ (म्हणजे पत्त्यातील ‘@’ नंतरचा भाग) लिहिता येतो, त्यामुळे ओयूचे नाव हेच डोमेन असेल, तर एकाच नकाशा-फाइलवर (पत्ते कसे शोधावेत हे पोस्टफिक्सला सांगणाऱ्या फाइलवर) दोन्ही डोमेन चालतात आणि उद्या तिसरे आले तरी त्या फाइलला हात लावावा लागत नाही.

उत्तर – पाणवठा
वरील सल्ला बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. मात्र एका महाविद्यालयाचा प्रशासक वेगळा असेल, किंवा केवळ त्याच्याच नोंदींची प्रत त्यांच्या आवारातील सर्व्हरवर ठेवायची असेल, तर मी स्वतंत्र डेटाबेसच करीन. त्यात रूट डीएन (सर्वाधिकार असलेले खाते), ओव्हरले (जोड-सुविधा) आणि प्रतिकृतीची रचना प्रत्येकाची आपापली राहते. याची दुसरी बाजू अशी की पहिल्या डेटाबेसचे प्रवेशनियम (कोणी काय वाचावे-लिहावे याचे नियम) दुसऱ्याला आपोआप लागू होत नाहीत. पासवर्डचे रकाने झाकणारा नियमसुद्धा तेथे नव्याने लिहावा लागतो. डेटाची निर्देशिकाही वेगळी हवी आणि तिची मालकी ‘ओपनएलडॅप’ या वापरकर्त्याकडे असावी. कमाल आकाराकडे विशेष लक्ष द्यावे. डेबियनचे पॅकेज स्वतःच्या डेटाबेसला १ जीबीची मर्यादा घालून देते, पण आपण हाताने केलेल्या डेटाबेसला ती न सांगितल्यास एमडीबीची मूळ मर्यादा, म्हणजे अवघे १० एमबी, लागू होते. सुरुवातीला सारे सुरळीत चालते आणि नोंदी वाढल्या की एके दिवशी लेखन बंद पडते.

कळफलक
दोघांचेही आभार. प्रशासक एकच असल्याने दोन ओयूंचाच मार्ग घेतो.

उत्तर – पाणवठा
उत्तम. पुढेमागे दुसरा डेटाबेस केलाच, तर बॅकअपची स्क्रिप्टही त्याच दिवशी बदलावी. स्लॅपकॅट या नोंदी फाइलमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रामला ‘-बी’ने सफिक्स किंवा ‘-एन’ने क्रमांक दिला नाही, तर तो पहिलाच डेटाबेस उतरवून घेतो आणि दुसरा राहून गेल्याचे अवाक्षरही काढत नाही.