मदत हवी आहे: महायुद्धाच्या पाटीवरचा पुसट आकडा फोटोत कसा आणावा?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. अशा पाट्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत आहेत. आमच्या पाटीवर नावं नाहीत, त्या माणसांची खूण म्हणून हे दोन आकडेच उरलेत. आणि नेमका मृतांचा आकडा वाचता येत नाही. खोदकाम उथळ, अक्षरांतला काळा रंग गेलेला, खालच्या ओळीवर कधीतरी ऑइलपेंटचा हात बसलेला.

पाटी पडवीत, उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे तिरपं ऊन मिळत नाही. समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग. अंधार पडल्यावर टॉर्च एका बाजूने भिंतीलगत धरली, तेव्हा वरच्या ओळी छान उठल्या. खालचा आकडा नाहीच. कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवूनही पाहिला.

१८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर, ट्रायपॉड आणि एलईडी टॉर्च आहे. ग्रामपंचायतीची परवानगी आहे. पण खडू किंवा पीठ चोळणं, रंग खरवडणं, ॲसिड यांतलं काहीही करायचं नाही. कागद लावून पेन्सिलीने ठसाही नको, कडा भुसभुशीत झाल्यात.

कॅमेरा न हलवता टॉर्च चहूबाजूंनी फिरवून बरेच फोटो काढायचे आणि ते संगणकावर एकत्र करायचे, या पद्धतीने रंगाखालचं खोदकाम दिसेल का? कुणी केलं असेल तर किमान किती फोटो घेतलेत, टॉर्च किती अंतरावर धरलीत आणि मोफत सॉफ्टवेअर कोणतं वापरलंत?