कॅम्पर व्हॅन : हॉर्न घोगरा वाजतो, कधी आपोआपही वाजतो. मदत हवी आहे

गाडी १२ व्होल्टची, डिझेल व्हॅनवर बांधलेली. मागे घरगुती वापराची वेगळी बॅटरी, फ्रिज, दिवे, पंप. दिवसा हॉर्न बरा वाजतो. रात्री हेडलाइट आणि फ्रिज चालू असताना घोगरा होतो, आणि बटण दाबलं की हेडलाइटही मंदावतात. शिवाय स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की कधी कधी हॉर्न आपोआप वाजतो. १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे, रिलेची (बटणाच्या छोट्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) टकटक ऐकू येते. हॉर्न थेट बॅटरीला जोडला तर खणखणीत वाजतो. बटण दाबून मोजलं तेव्हा बॅटरीवर १२.३ आणि हॉर्नच्या दोन टोकांत ९.१ व्होल्ट मिळाले. नवा रिले टाकू का?

———

रिले आत्ताच बदलू नका. आधी ३.२ व्होल्ट कुठे गळतात ते शोधा. सगळं चालू ठेवून बटण दाबा आणि दोन मोजमापं घ्या : बॅटरी प्लस ते हॉर्नचं प्लस टोक, मग हॉर्नचं मायनस टोक ते बॅटरी मायनस. मीटरची पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. घोगरा आवाज आणि आपोआप वाजणं हे दोन वेगळे दोष दिसताहेत, एकत्र शोधलेत तर गोंधळ होईल.

———

मोजलं. प्लस बाजूला ०.३, अर्थ (गाडीच्या बॉडीतून बॅटरी मायनसला जाणारी) बाजूला २.९ व्होल्ट. फ्रिज आणि हेडलाइट बंद केल्यावर अर्थ बाजूला १.०.

———

मग अर्थच खराब आहे. हॉर्न, हेडलाइट आणि फ्रिज यांचे मायनस एकाच बोल्टवर आणलेले असणार. लोड वाढला की तिथलाच व्होल्टेज ड्रॉप वाढतो. सगळं चालू ठेवून बोल्ट जपून चाचपा, तापलेला लागेल. थिंबलखाली (वायरच्या टोकाची, बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) रंग किंवा गंज असतो, वरून घट्ट दिसतं तरीही.

बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट सोडून बॉडीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. थिंबल नवं, क्रिंपिंग प्लायरने दाबलेलं हवं. पिळून टेप मारलेला जोड इथे अजिबात नको. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. हॉर्नला २.५ चौरस मिमीची स्वतंत्र अर्थ वायर द्या. फ्रिजचा मायनस तिथून काढून घरगुती बॅटरीच्या मायनस बसबारवर (अनेक वायर जोडायची धातूची पट्टी) न्या, आणि ती बॅटरी चासीला २५ चौरस मिमीच्या केबलने जोडा. नंतर पुन्हा मोजा, ०.२ व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे.

———

आपोआप वाजण्याचं कारण बटणाच्या बाजूला असेल. बहुतेक गाड्यांत बटण रिलेच्या कॉइलला अर्थ देतं, म्हणून ती वायर बॉडीला नुसती घासली तरी हॉर्न वाजतो. रिले काढा, सॉकेटमधल्या बटणाकडे जाणाऱ्या पिनपासून बॉडीपर्यंत मीटरची कंटिन्युइटी (जोड असला की बीप देणारी सेटिंग) लावा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बीप आला तिथेच हात थांबवून स्टेअरिंग कॉलमखालचा कनेक्टर सोडा. बीप थांबला तर दोष कॉलममध्ये. थांबला नाही तर वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात बघा. भोकाला रबर ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते.

एअरबॅग असेल तर स्टेअरिंग स्वतः उघडू नका, क्लॉक स्प्रिंगचं (स्टेअरिंग फिरतानाही हॉर्न-एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) काम जाणकाराकडेच द्या. आणि रिले काढून ठेवून घाटात गाडी घालू नका.